दात लपवला त्यांनी, बोल मला

मी सहाण. बोलतेय ती रागानं, हे आधीच सांगून टाकते. जायफळ, वेखंड, हिरडा, अतिविष असलं कडू-तुरट जन्मभर अंगावर घासून घेतलं, तर गोड बोलणं कुठून सुचणार?

एका पाथरवटानं पाटा घडवताना उरलेल्या तुकड्यातून मला गोल केलं. देश स्वतंत्र झाला त्या साली मुरुडच्या बाजारात वेणूबाईनं मला उचललं. मला उलटंपालटं करून तिनं इतकी नावं ठेवली, की ही मला घेणार नाही असंच वाटलं. पण घेतलं. कोळीवाड्यातल्या तिच्या घरी थोरली सून जनी पोटुशी होती आणि बाळगुटी उगाळायला सहाण हवी होती.

मुलगा झाला. नाव धर्मा. रोज न्हाऊ घातल्यावर वेणूबाई माझ्यावर आईच्या दुधात गुटी उगाळायची. गुटीचं माप वेढ्यांवर असतं. हळकुंड इतके वेढे फिरवायचं, मुरडशेंग इतके. जायफळाला मात्र एखादा वेढा पुरे, कारण त्यानं गुंगी येते. वेणूबाईचा हात मापाला पक्का होता, हे मला कबूल करावंच लागेल. तोंडाचं माप मात्र तिला कधीच जमलं नाही. सून दिसली की टोमणा सुटलाच.

धर्माला दात यायला लागले आणि घराची झोप उडाली. पोर लाळ गाळायचं, मुठी चावायचं, रडून लाल व्हायचं. जनी मधात ज्येष्ठमध उगाळून हिरड्यांना चोळायची, चघळायला धुतलेली खारीक द्यायची. इथपर्यंत सगळं ठीक होतं. एक दिवस तिचं बोट हिरडीवर थबकलं. वरच्या हिरडीत दात आला होता. खाली काहीच नव्हतं.

वरचा दात आधी आला तर मामाला जड जातो, असं ही माणसं मानतात. धर्माचा मामा सदा, जनीचा एकुलता भाऊ, याच घरच्या होडीवर खलाशी होता. ज्याच्यावर असं सावट आहे त्याला होडीवर कोण घेणार? बुडाला तर सगळ्यांना घेऊन बुडेल म्हणतील. म्हणून जनीनं दात लपवला. सासू पोराच्या तोंडात बोट घालायला आली की ही पोर ओढून घ्यायची. पोर रडलं तर सगळे तोंडात बघणार, म्हणून ते रडू नये यासाठी ती गुपचूप जायफळ उगाळायची.

पोर तरीही मधूनमधून किरकिरायचंच. वेणूबाईला वाटलं, त्याचं पोट दुखतंय. त्या दिवशी तिनं सकाळी गुटी दिली, झोप लागावी म्हणून जायफळ जरा चढतं घातलं आणि मला धुऊन ठेवलं. थोड्या वेळानं जनी आली आणि तिनंही उगाळलं. वास येत नव्हता का तिला? धुतलं तरी माझं सगळं अंग जायफळानं घमघमत होतं. पण भीतीनं माणसाचं नाकही बंद होतं की काय, देव जाणे. मी दगड. ओरडणार कशी?

दुपार उलटली तरी पोर उठेना. वेणूबाईनं बोंडल्यानं पाणी पाजायला त्याचं तोंड उघडलं आणि तिला वरचे दोन दात दिसले.

"दात चोरलंस आमच्यापासून?" ती किंचाळली.

"आत्याबाई, पोऱ्या डोला उघडत न्हाय! मी जायफल दिलंय."

"अगो, मी पन दिलंय!"

पोराला खांद्यावर टाकून दोघी डॉक्टरकडे धावल्या. पोर वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. ते रडणं मला फार आवडलं.

आता तरी माणसं शहाणी होतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! वेणूबाईनं थोरल्या लेकाला, भिकूला, सांगून सदाला होडीवरून उतरवलं. तो उरणच्या मिठागरात राबायला गेला आणि पुन्हा या दारात आला नाही. अजून ठणठणीत आहे म्हणतात. दातानं त्याचं काही बिघडवलं नाही, जे बिघडवलं ते या घरानं. जनीनं चूल वेगळी केली, मधे कूड घातला आणि आपली दुसरी सहाण आणली. सासू-सुनेचा अबोला सुरू झाला. आणि दोष कुणाला? मला! "सहानच अपशकुनी," असं म्हणून वेणूबाईनं मला सुक्या बोंबलांच्या पिंपावर वजन म्हणून ठेवलं. बोंबलांच्या वासात मी कितीतरी वर्षं काढली.

साठ सालानंतर धाकटी सून काशी हिला मुलगी झाली. वेणूबाईनं मला खाली उतरवलं, राखेनं घासलं आणि पुन्हा कामाला लावलं. माफी वगैरे काही नाही.

मग त्या मुलीलाही दात यायला लागले. काशी म्हावऱ्याची पाटी घेऊन बाजारात गेली होती. वेणूबाईनं जायफळाची गुटी दिली, मुलीला पाळण्यात टाकलं आणि ती समोरच्या वाळवणात बोंबील उलटायला गेली. मुलगी रडायला लागली. कुडापलीकडे दुसरी सहाण घासल्याचा आवाज आला. तो आवाज मला ओळखू येणार नाही होय? आता तर दोन घरं, दोन सहाणा. एकीनं काय दिलं ते दुसरीला कळायची सोयच उरली नव्हती.

जनी आली. बोटावर चाटण होतं. तिनं मुलीला मांडीवर घेतलं, बोट ओठांपर्यंत नेलं आणि थांबली. मग उठून माझ्याजवळ आली. मला उचलून नाकाशी धरलं आणि खोल वास घेतला.

मुलीला कडेवर घेऊन ती दारात गेली.

"आत्याबाई, आज जायफल दिलंव काय?"

वाळवणातल्या साऱ्या बायांचे हात थांबले.

"व्हय. सकाली दिलं," वेणूबाई मान वर न करता म्हणाली.

"मंग मी न्हाय देत." जनीनं बोट पदराला पुसलं आणि मुलीच्या हिरड्या चाचपल्या. मग ती मुद्दाम मोठ्यानं बोलली, "वरचा दात हाय."

काशीचा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, घरच्या त्याच होडीवर होता. वेणूबाईच्या हातातला बोंबील तसाच राहिला.

"हाय तर असू दे," ती म्हणाली.

बस. पुन्हा अबोला. सदाला बोलावणं धाडायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

मी आता मधे खोलगट झालेय, कडेला टवका उडालाय. माझ्यावर उगाळायचं तर खुशाल उगाळा. भांडायचं तर तेही करा, तुमच्याकडून दुसरी अपेक्षा नाही. पण पोराच्या तोंडात बोट घालण्याआधी एकमेकींना विचारा. आणि तेवढंही होत नसेल, तर निदान माझा वास घ्या.