चबाड चपवल

चाळीस वर्षं मी लोकांची कुलपं उघडली. किल्ली हरवलेली कपाटं, गंजलेल्या ट्रंका, आतून अडकलेली दारं. न उघडणारं कुलूप अजून जन्माला यायचंय, असं दुकानात छाती फुगवून सांगायचो. ते कुलूप शेवटी मीच निवडलं, आणि तेही माझ्या सख्ख्या बहिणीसाठी.

ताई टायपिस्ट होती. नोकरी सुटली तरी बोटांची सवय सुटली नाही. घरच्या कॉम्प्युटरवर ती मराठी अशी बडवायची की कीबोर्डची दया यावी. चार वर्षांपूर्वी एका सकाळी तिचा फोन आला.

"ये बघू इकडे. कॉम्प्युटरला कुलूप लावायचंय."

"मग कॉम्प्युटरवाल्याला बोलाव. मी पितळेच्या कुलपांतला माणूस."

"तो आलाय, समोरच बसलाय. त्याचं बोलणं मला कळत नाही, म्हणून तर तुला बोलावते."

गेलो. भानगड आईच्या पत्रांची होती. मी कारागिरी शिकायला दूर राहत होतो, तेव्हा आई पत्र तोंडी सांगायची आणि ताई ऑफिस सुटल्यावर तिथल्या मशीनवर ते टाइप करायची, कारण आईचा हात कापायचा. प्रत्येक पत्राची कार्बन प्रत ताईनं जपून ठेवली. मला आलेली पत्रं मात्र मी घर बदलताना हरवली. एवढी एक ट्रंक मला सांभाळता आली नाही, याची लाज अजून वाटते. कागदांना वाळवी लागली, म्हणून आता ताईनं तिच्या सगळ्या प्रती स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या आणि कागद टाकून दिले होते. पंचाईत अशी की आईनं त्या पत्रांत काका-काकूंपासून शेजारणीपर्यंत कुणालाच सोडलं नव्हतं.

"त्यांची नातवंडं याच कॉम्प्युटरवर येऊन खेळतात," ताई म्हणाली. "गुणी आहेत बिचारी. त्यांनी हे वाचलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही. आणि आपण एकमेकांना ईमेल लिहू, तेही घरभर कशाला व्हायला हवेत?"

कॉम्प्युटरवाल्यानं दोन सॉफ्टवेअर दाखवली. दोन्ही फाइल आणि ईमेल अशा गुंतवून ठेवायची की पासवर्डशिवाय नुसता कचरा दिसावा. पहिलं जरा मायाळू होतं. पासवर्ड विसरलात तर कंपनीला कळवा, ते पुन्हा उघडून देतील. दुसरं खडूस. विसरलात की संपलं. ज्यांनी ते बनवलं त्यांनाही उघडता येणार नाही.

ताईचा जीव पहिल्यावर जडला होता. मी हसलो.

"ते उघडून देतात, म्हणजे दुसरी किल्ली त्यांच्या खिशात आहे. असलं कुलूप मी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलं नसतं."

"अरे, पण माझ्या डोक्याचा काही भरवसा?"

"तुझ्या? माझे सातवीतले मार्कसुद्धा तू अजून विसरली नाहीस."

झालं, दुसरं घेतलं. मला तेव्हा फार शहाणपणा सुचला होता.

ईमेलला दोन किल्ल्या लागतात, एक सगळ्यांना वाटायची, एक स्वतःजवळ ठेवायची, हे काही तिच्या पचनी पडेना. मी म्हटलं, "दाबलं की बंद होणारं कुलूप बघितलंयस ना? तसलं माझं उघडं कुलूप मी तुला पाठवून देतो, किल्ली माझ्याकडेच. तू पत्र पेटीत टाकायचं आणि कुलूप दाबायचं. मग ते तुझ्या हातूनही उघडणार नाही, फक्त माझ्या." कॉम्प्युटरवाला माझ्याकडे बघतच राहिला. त्यानं मला चहा पाजायला हवा होता.

पत्रांच्या फाइलचा पासवर्ड घालताना ताईनं आम्हा दोघांना खिडकीकडे तोंड करून उभं केलं. मग म्हणाली, "डब्याचं वाक्य घातलं. आपल्या भाषेत. तुला वेगळं सांगायला नको."

आपली भाषा म्हणजे च ची भाषा. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा, त्याचा काना-मात्रा च ला देऊन. लहानपणी दुपारी आम्ही साखरेच्या डब्यावर डल्ला मारायचो. एक जण स्टुलावर, एक जण दारात पहाऱ्याला. आईची चाहूल लागली की दारातून आवाज यायचा, "डबा लपव, आई येते." अर्थात च च्या भाषेत, "चबाड चपवल" करून. इतकी गुप्त भाषा, तरी आई दर वेळी आम्हाला रंगेहाथ धरायची.

पुढची चार वर्षं आम्ही कुलूपबंद ईमेल लिहिले, तेही च च्या भाषेत. आत काय, तर गुडघा दुखतो, नळ गळतो, भाचीचं म्हणणं मी ऐकत नाही. हेरगिरीच्या थाटात नळाची गाऱ्हाणी. मला फार मजा यायची. सकाळी दात घासायच्या आधी मी ईमेल बघायचो.

यंदा ताई गेली. कुणाला त्रास न देता, झोपेत गेली.

महिन्याभरानं भाचीनं बोलावलं. ताईच्या कॉम्प्युटरवर पत्रांच्या फाइलचं नाव होतं 'धाकटा'. म्हणजे मी.

"मामा, ही तूच उघडू शकतोस," भाची म्हणाली.

मी ऐटीत बसलो. चबाड चपवल चाईआ चेतेय. नाही उघडली. आई या शब्दाला पहिलं अक्षर म्हणून नुसता स्वर, तो शेवटी कसा लिहायचा कोण जाणे. मग चाईअ केलं, नुसतं चाई केलं, मध्ये स्वल्पविराम दिला, काढला, सगळे शब्द जोडून टाकले. तासभर झाला. भाचीनं चहा ठेवला तो निवला. आईचा एवढाच आवाज जगात उरला होता आणि त्याला मी हौसेनं असं कुलूप लावलं होतं की दुसरी किल्लीच नाही. मायाळू सॉफ्टवेअर घेतलं असतं तर एका फोनवर काम झालं असतं. मला स्वतःचा इतका राग आला की भाचीशी धड बोललोही नाही.

"फाइल घेऊन जा," तिनं ती पेन ड्राइव्हवर घालून दिली. "शांतपणे बघ."

घरी आलो, पण फाइलला हात लावायचा धीर होईना. म्हणून ताईचे जुने ईमेल उघडले. ती किल्ली तरी माझ्याकडे होती. वाचत गेलो. गुडघा, नळ, भाची. मग एक छोटासा ईमेल, गेल्या वर्षीचा. "चाजआ आई चूपख चाठवलीआ."

आज आई खूप आठवली. हे मी पूर्वी वाचलं होतं, डोळेही पुसले होते. पण या वेळी नजर अडली. आज ला च, आठवली ला च. आई तशीच.

मग आठवलं. मी पाच वर्षांचा असेन. दारातून ऐटीत "चाईआ" म्हणालो आणि ताईनं स्टुलावरून उतरून मला धपाटा घातला होता. "आईला च लावायचा नाही. आई म्हणजे आई." मी रडत म्हणालो होतो की मग तिला कळेल ना. तिनं ऐकलं नाही. साठ वर्षं ऐकलं नाही, आणि मी कुलूपवाला असून ते विसरलो.

चबाड चपवल आई चेतेय. फाइल उघडली.

आई माझ्याशी बोलत राहिली. काकूचा नखरा, शेजारणीचं उसनं तेल, मला नीट जेवायची ताकीद. मी एकटाच मोठमोठ्यानं हसत होतो.

शेवटचं पत्र मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं. ती कार्बन प्रत नव्हती, मूळ पत्र होतं, टपालात टाकायचं राहून गेलेलं. तारीख आई जायच्या आदल्या दिवसाची. आई आजारी असल्याचं कळूनही, परीक्षा देऊन निघतो असं कळवून मी परीक्षेला बसलो होतो, आणि घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. टाइप केलेल्या मजकुरात नेहमीचंच, इकडची काळजी करू नकोस, पेपर नीट लिही. त्याखाली पेन्सिलीनं, आईच्या कापऱ्या हातानं, एकच ओळ.

चबाड चरलायभ, चेय.

डबा भरलाय, ये.

म्हणजे आईला सगळी भाषा येत होती, पहिल्यापासून. आणि उशिरा पोचलेल्या भावाला हे कसं दाखवायचं म्हणून ताईनं ते इतकी वर्षं आपल्याजवळ ठेवलं होतं, माझं नाव घालून.

भाचीचा फोन आला. "मामा, उघडली का रे?"

"उघडली."

"काय आहे त्यात?"

"आईनं घरी बोलावलंय," मी म्हणालो.