बटणांच्या कारखान्यातला जिना

तिने केसांतली पिन काढली आणि जमिनीच्या फळ्यांमधल्या फटीत घालून अलगद उचकटली. बटण निघालं. शिंपल्याचं, चार भोकांचं. तिने ते ओढणीला पुसलं आणि कपाटावरच्या बरणीत टाकलं. बरणी आता गळ्यापर्यंत भरत आली होती.

हे घर म्हणजे पूर्वीचा बटणांचा कारखाना. नवऱ्याने, तो आर्किटेक्ट, जुने लाकडी खांब तसेच ठेवले, विटांवरचा गिलावा खरवडून काढला, उंच छताखाली पोटमाळा घातला आणि त्याला एक देखणा, अधांतरी वाटावा असा जिना लावला. आराखडा काढताना घरात दोनच माणसं होती. तिसरं माणूस येईल, ते रांगेल आणि दिसेल ते तोंडात घालील, हे कागदावर कुठेच नव्हतं. मग ती रोज सकाळी हातापायांवर सगळ्या घरभर फिरू लागली. लेकीच्या उंचीवरून काय काय दिसतं, ते बघत. खांबांच्या कडांना फोमच्या पट्ट्या आल्या, माळ्याच्या कठड्याला जाळी आली, जिन्याच्या वरच्या तोंडाशी फाटक आलं.

"पोर आहे की काचसामान?" सासूबाई म्हणायच्या. ती ऑफिसला जायची त्या दिवशी लेकीला, भिंगरीला, सांभाळायला त्याच यायच्या.

आज मात्र पट्ट्या, जाळी, फाटक सगळं उतरवलं होतं. मासिकाचा छायाचित्रकार आला होता. घर छापून आलं की नवऱ्याला कामं मिळणार होती, म्हणून ती हो म्हणाली होती. तिचीही एक अट होती. नव्या वस्तीतला, एका मजल्याचा, बुटक्या छताचा एक फ्लॅट ती बघून आली होती. फोटो झाले की आजच एजंटला फ्लॅटचं पक्कं कळवायचं. घर सोडायला नवऱ्याने नकार दिला नव्हता. फक्त काल रात्री त्याने एका खांबावरून उगाचच हात फिरवला होता.

"आई, ती उठली तर मला आधी हाक मारा," ती सासूबाईंना म्हणाली. भिंगरी माळ्यावर झोपली होती.

"मारीन गं. तू बस तरी."

ती बसली नाही. जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली. खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं. खाली दगडी गल्लीत कॉफीच्या दुकानाची खुर्च्या मांडायची वेळ झाली होती. या गल्लीत लोक चालता चालता थांबून वर बघतात, आणि आपण खिडकीत असलो की उगाच लाजल्यासारखं होतं. पण तेही तिला आवडायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"वहिनी, जिना पूर्ण हवाय. जरा बाजूला होता?" छायाचित्रकार म्हणाला.

ती बाजूला झाली. स्टँड, वायरी, छत्रीसारखा दिवा, यांच्या पलीकडे. आणि तेवढ्यात वरच्या पायरीवर भिंगरी दिसली. केस विस्कटलेले, एक मोजा पायात, एक नाही.

ती हाक मारणार, तोच सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"हाक मारू नकोस. बिचकेल."

भिंगरीने खाली पाहिलं. मग सावकाश पाठ फिरवली, पोटावर ओणवी झाली आणि मोजा नसलेला पाय खाली सोडला. पाय हवेत जरा चाचपडला. पायरीला टेकला.

"तेतला," भिंगरी म्हणाली.

मग दुसरा पाय. "तेतला." छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला. नवरा सोफ्याचं एक टोक उचललेल्या अवस्थेत तसाच थांबला. वायरी ओलांडून ती जिन्यापाशी पोहोचली, दोन्ही हात वर धरून उभी राहिली. एकेक पायरी टेकत भिंगरी तिच्या हातांत आली आणि लगेच खाली उतरायला धडपडू लागली.

तिने लेकीला घट्ट धरलं. मग सासूबाईंकडे वळली.

"हे तुम्ही शिकवलंत? मी नसताना फाटक उघडून?"

"शिकवते कशाला?" सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "दुपारी वर निजवायला न्यावीच लागते. उतरताना मी पुढे, ती माझ्या वरच्या पायरीवर. मी उतरते तशी ती उतरते."

"तुम्ही उलट्या उतरता?"

"गुडघे सरळ उतरू देत नाहीत. वर्ष झालं असेल."

"मी कधी पाहिलं नाही."

"तू असलीस की मी वर जाते कुठे?" त्या हसल्या, पण नजर खिडकीकडे होती. "सुनेसमोर म्हातारीने खेकड्यासारखं उतरायचं म्हणजे."

 फटीतलं प्रत्येक बटण जिला दिसायचं, तिला हे दिसलं नव्हतं. तिने सासूबाईंसाठी खुर्ची ओढली आणि स्वतः त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. भिंगरीने आजीच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

छायाचित्रकार गेल्यावर नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर शोधला.

"फाटक बसवतो."

"बसव. आणि खालपासून वरपर्यंत भिंतीला एक दांडा लाव. आईंना धरायला."

सासूबाई म्हणाल्या, "माझी कसली काळजी करत बसतेस," पण दांडा नको असं काही म्हणाल्या नाहीत.

भिंगरीचा हरवलेला मोजा आणायला ती वर गेली. मोजा पांघरुणात सापडला. परत येताना वरच्या पायरीवर ती थबकली. खाली बघितलं, मग पाठ फिरवली, कडेला हात टेकून ओणवी झाली आणि एक पाय मागे सोडला. पाय हवेत लोंबला. पायरी कुठे आहे ते दिसत नव्हतं.

खालून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. भिंगरी टाळ्या वाजवत होती.

"अगं, एजंटचा फोन आहे," नवरा म्हणाला. "काय सांगू?"

"थांब," ती म्हणाली. "पाय टेकू दे आधी."