चिठ्ठीवरचे अठ्ठावीस

माझ्या भाचीला घरात सगळे भुंगा म्हणतात. एका जागी बसत नाही आणि सतत काहीतरी गुणगुणत असते, म्हणून. वय एकोणीस, धंदा बॅडमिंटन. हो, धंदाच! गेल्या वर्षी कुठल्याशा फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात बाईसाहेबांनी 'व्यावसायिक खेळाडू' असं ठसठशीत लिहिलं, तेव्हा त्या व्यवसायातून दोन टॉवेल आणि एक भिंतीवरचं घड्याळ घरात आलं होतं. घड्याळ माझ्या दुकानात लावलंय. पाच मिनिटं मागे चालतं.

दुकान खेळाच्या सामानाचं, पण माझं खरं काम मागच्या खोलीत चालतं. तिथे गटिंगचं मशीन आहे. रॅकेटची तार तुटली की जुनी जाळी कापून काढायची, नवीन विणायची आणि मशीनवर काटा फिरवून तिचा ताण ठरवायचा. ताण पौंडात मोजतात. कमी ठेवला तर शटल थोड्या जोरावरही लांब उडतं. वाढवला तर शटल हवं तिथे नेमकं टाकता येतं, पण लांब धाडायला खांदा दणकट लागतो. एवढं कळलं तरी पुरे, बाकीचं माझं गुऱ्हाळ गिऱ्हाईकंही ऐकत नाहीत.

चौदा वर्षांची असताना भुंग्याने कुठेतरी वाचलं की मोठे खेळाडू अठ्ठावीस पौंडांवर खेळतात. झालं! दुसऱ्या दिवशी दुकानात हजर.

"मामा, अठ्ठावीस."

"अगं, तुझा खांदा केवढा, तू केवढी!"

"अठ्ठावीस."

तिच्या कोचने समजावलं, तिच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, समजावलं. पोरीने माझ्याशी तीन दिवस अबोला धरला. तीन दिवस! एरवी तीन मिनिटं गप्प बसत नाही. शेवटी मी हात टेकले आणि अठ्ठावीस पौंडांची रॅकेट तिच्या हातात दिली. म्हणजे रॅकेटला अडकवलेल्या चिठ्ठीवर अठ्ठावीस लिहिलं. काटा चोवीसवर होता. कोचच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "चांगलं केलंत. खांदा भरेपर्यंत चालू द्या."

ते जे चालू झालं, ते पाच वर्षं चाललं. आणि गंमत अशी की तिला ती रॅकेट भारी आवडली. "बघ, केवढा फरक पडला!" म्हणायची. लहान मुलांना शिकवायला उभी राहिली की त्यांनाही सांगायची, "अठ्ठावीसशिवाय कंट्रोल येत नाही." एका वर्तमानपत्राला मुलाखत दिली, त्यातही अठ्ठावीस छापून आले. मी ते कात्रण दुकानात लावलं आणि मनातल्या मनात हसून घेतलं. दर वर्षी वाटायचं, आता सांगून टाकावं. मग वाटायचं, चालतंय ना छान, कशाला उगाच?

यंदा तिला पहिल्यांदा परदेशातल्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळाली. मुख्य स्पर्धेत नाही, त्याआधीच्या पात्रता फेरीत. दोन सामने जिंकले की मुख्य स्पर्धेत नाव लागणार, क्रमवारीचे गुण मिळणार, आणि ते गुण असले की पुढच्या स्पर्धावाले दारात तरी उभं करणार. नाहीतर पुन्हा तळापासून सुरुवात. कोच दुसऱ्या मुलांबरोबर भलतीकडे, ताईला रजा नाही, म्हणून बरोबर गेलो मी. गळ्यात 'प्रशिक्षक' असं कार्ड अडकवून. आरशात बघून माझं मलाच हसू आलं.

"हसू नकोस," भुंगा म्हणाली. "आणि कोर्टवर काही शिकवायला जाऊ नकोस. नुसतं पाणी दे."

"जो हुकूम, बाईसाहेब."

पहिला सामना तिने जिंकला, पण चारपैकी तीन रॅकेटच्या तारा तुटल्या. माझं मशीन काही विमानात बसणारं नाही. तिथे स्पर्धेचाच गटिंगवाला टेबल मांडून बसला होता. खेळाडूने चिठ्ठीवर पौंड लिहून रॅकेट ठेवायची, दोन तासांनी न्यायची. मी मनाशी ठरवलं, सकाळी लवकर उठून रॅकेट आपणच द्यायच्या आणि त्याच्या कानात हळूच चोवीस सांगायचं.

मी सातला उठलो. भुंगा सहालाच उठली होती. मी खाली नाश्त्याला पोचलो तेव्हा ती दोन अंडी संपवून तिसरं सोलत होती.

"रॅकेट देऊन आले," म्हणाली. "म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची झोपमोड कशाला."

म्हणजे चिठ्ठ्यांवर अठ्ठावीस गेलं होतं, आणि तो गटिंगवाला खरोखरच अठ्ठावीस लावणार होता. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण समोर पोर खुशीत अंडं खात बसलेली, दोन तासांवर सामना. म्हटलं, चार पौंडांचा फरक काय तो, कळणारही नाही. पंचवीस वर्षं गटिंग करणाऱ्या माणसाने स्वतःला अशी थाप मारावी, म्हणजे कमालच की नाही!

तिला कळलं. पहिल्याच रॅलीत कळलं. तिचं शटल मागच्या रेषेपर्यंत जायचं, ते अर्ध्या कोर्टात पडायला लागलं. समोरची उंच मुलगी आयतं मिळालेलं शटल धाडधाड आपटत होती. भुंगा रॅकेटकडे बघायची, मनगट झटकायची, पुन्हा मारायची, पुन्हा आखूड. दुसरी रॅकेट घेतली, तीही त्याच टेबलावरची. गुणगुणणं बंद झालं होतं. एकवीस-नऊ. गेम गेला.

दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं मिळतात. ती घामाने निथळत माझ्यासमोर उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं.

"मामा, माझा हातच गेलाय. मला खेळताच येत नाहीये."

ते वाक्य ऐकवेना मला. मी बॅगेतून माझ्या हातची उरलेली एकमेव रॅकेट काढली.

"तुझा हात जागेवर आहे. ही घे. ही चोवीस आहे."

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

"चोवीस. पहिल्या दिवसापासून चोवीस. चिठ्ठीवर मी खोटं लिहीत होतो. आज सकाळी पहिल्यांदा तुला खरी अठ्ठावीस मिळाली."

मला वाटलं, ओरडेल.  तेवढ्यात पंचांनी हाक मारली. तिने माझ्या हातून रॅकेट हिसकावली आणि पाणी न पिताच कोर्टवर गेली.

पुढचं काय सांगू? राग तिच्या नाकावर नेहमीच असतो, त्या दिवशी तो पायांत उतरला. शटल मागच्या रेषेवर टपाटप पडायला लागलं. एकवीस-सतरा, गेम आमचा. म्हणजे तिचा. मी खुर्चीत बसून टॉवेलच्या घड्या घालून घालून त्याचा पार चोळामोळा करून टाकला. मधल्या वेळात ती आली, स्वतःच बाटली घेतली, माझ्याकडे पाठ करून प्यायली.

तिसरा गेम अठरा-अठरा. लांबलचक रॅली, आणि मध्येच 'टक्'. आवाज मी डोळे मिटूनही ओळखतो. तार तुटली. तो गुण गेला, आणि माझ्या हातची रॅकेट संपली. तिने बॅगेतून टेबलावरची उचलली, खरी अठ्ठावीस. मी मनात म्हटलं, खलास!

पण आता तिला माहीत होतं हातात काय आहे. लांब मारायच्या फंदात ती पडलीच नाही. जाळीजवळ शटल असं नाजूक टाकलं की ती उंच मुलगी गुडघ्यावर आली. एकोणीस-एकोणीस. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, पंचांनी मला दटावून खाली बसवलं.

पुढचा गुण समोरचीने घेतला. शेवटचं शटल भुंग्याने पूर्ण ताकदीने आपटलं आणि ते जाळीच्या पट्टीला लागून आपल्याच बाजूला पडलं. एकवीस-एकोणीस. संपलं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी शेजारी. पाच वर्षांपूर्वी तीन दिवस अबोला होता, आता किती वर्षं, याचा मी हिशोब करत होतो. माझ्यामुळे गेला सामना. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कोचना माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आईला?"

"हो."

"म्हणजे गावाला माहीत. मी एकटी मुलाखती देत फिरत होते."

"खांदा दुखावला असता गं तुझा. चौदा वर्षांची होतीस."

"चौदाव्या वर्षी बरोबरच केलंस," ती म्हणाली. "पंधराव्या वर्षी सांगायचं होतंस."

 तिने शर्टाची बाही वर सरकवून खांदा माझ्यापुढे धरला. मी तो रोज बघत होतो, पण कधी नीट बघितला नव्हता. कुठल्याही गिऱ्हाइकाचा खांदा असा भरलेला दिसला असता, तर मी दुसऱ्यांदा न विचारता मागेल तेवढा ताण लावून दिला असता.

"घरी गेल्यावर सव्वीस लाव," ती म्हणाली. "आणि मी मशीनजवळ उभी राहणार आहे."

"बरं."

तिने बाही खाली ओढली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"पहिला गेम तू हरलास, मामा. तिसरा मी हरले. यापुढे सगळे मीच हरणार."