पानं लाल व्हायच्या आधी

सरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि गाडी दुधाच्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबली.

"आरशात बघितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"बघणारच होते," दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेवढ्यात तुम्ही घाटातल्या लाल झाडांचं काढलंत."

सर ओशाळले. चूक त्यांचीच होती. गेले काही दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. ड्रायव्हिंग शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण तो सगळा या सपाट गावात. चढ म्हणून काही दाखवायचं तर रेल्वेच्या पुलावर जावं लागे. आता मात्र ते स्वतःची गाडी घेऊन डोंगरावरच्या त्या शहरात जाणार होते. मुलगी लग्नानंतर तिथेच राहायला गेली होती. उन्हाळ्यात शिकणाऱ्यांची झुंबड, एरवी बायकोचं पाळणाघर, त्यामुळे जाणं दरवर्षी पुढं ढकललं जायचं. या वर्षी बायकोनं पालकांना आधीच सांगून ठेवलं होतं, आणि शेजारणीनं मुलं सांभाळायची तयारी दाखवली होती. महिनाअखेर पानं लाल होतात तेव्हा जायचं, चार दिवस राहायचं आणि परत यायचं.

"पहिला गिअर टाका," सर म्हणाले. "क्लच हळूहळू सोडा. तो काही दुखरा दात नाही, उपटल्यासारखा सोडू नका."

बाई हसल्या आणि गाडी बंद पडली.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको छोट्या सतरंज्या झटकत होती. शेवटचं पोर नुकतंच गेलं होतं. तेवढ्यात मुलीचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, मी काय म्हणत होते," मुलगी म्हणाली, "तुम्ही हॉटेलातच उतरा ना. बाजाराजवळ एक चांगलं आहे. आमच्याकडे गाडी लावायला जागा नाही."

"चढावर गाडी कशी लावायची ते तू मला शिकवणार, बिट्टे?"

"तसं नाही हो. शिवाय पायऱ्या खूप आहेत. आईचे गुडघे..."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," आई सतरंजीची घडी घालत म्हणाली.

"आणि रंगकामही काढलंय," मुलगी घाईनं म्हणाली. "सगळं घर पसरलंय. खरंच, हॉटेलच बरं. मी रोज येईन ना भेटायला."

फोन ठेवल्यावर सर खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. परवा ती म्हणाली होती, नळाचं काम निघालंय. आज रंग. त्याआधी घरमालकाची कटकट होती. प्रत्येक वेळी कारण वेगळं आणि शेवट हॉटेलात.

"पोटची पोर आपली, आणि आपण हॉटेलात राहायचं?" ते म्हणाले. "हे तिचं बोलणं नाही. जावईबापूंना आपण नकोय. सरळ सांगावं ना तसं!"

"त्याच्यावर कशाला घसरता? काहीतरी अडचण असेल."

"कसली अडचण? मग जायलाच नको. रद्द करून टाकू."

बायकोनं घडी घातलेली सतरंजी कपाटात ठेवली. "तुमचा राग शांत झाला की जेवायला या," एवढंच ती म्हणाली.

राग शांत झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन शिकवण्यांच्या मधे, त्यांनी गाडी शाळेच्या भिंतीलगतच्या सावलीत लावली आणि थेट जावयाला फोन केला. काय काय सुनावायचं ते त्यांनी मनात घोकून ठेवलं होतं.

"बोला बाबा," जावई म्हणाला. त्याच्या मागे समुद्रकिनाऱ्यावर असतो तसा वाऱ्याचा आवाज होता.

"आम्ही येतोय म्हणून तुमची गैरसोय होत असेल तर स्पष्ट सांगा. उगाच पोरीच्या तोंडून..."

"कुठे येताय, बाबा?"

"कुठे म्हणजे? तुमच्या घरी!"

 पलीकडे जावयानं घसा खाकरला.

"बाबा, मी तिथे नसतो आता. उन्हाळ्यातच बाहेर पडलो. मी इकडे बंदरावर नोकरी धरलीय. ते घरही सोडलं आम्ही. ती एका बाईंकडे भाड्याच्या खोलीत राहते." तो थांबला. "ती म्हणाली होती, आईबाबांना मीच सांगेन, समोर बसून. फोनवर नको. मला वाटलं, सांगितलं असेल."

सरांचा हात आपोआप हँडब्रेकवर गेला. तो आधीच वर ओढलेला होता. घोकलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. का, कधी, कोणाचं चुकलं, असे पाच-सहा प्रश्न जिभेवर आले आणि तिथेच अडले. हा मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा पाळणाघरातली दोन पोरं त्याच्या मांडीवर चढून बसली होती, आणि ती उतरेपर्यंत हा हलला नव्हता.

"जेवणाचं काय करतोस तिकडे?" त्यांनी विचारलं.

"करतो काहीतरी. बाबा, मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका."

"नाही कळू देत. वेळेवर जेवत जा."

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुलावर गाडी तीनदा मागे घसरवली. सर एकदाही ओरडले नाहीत. दरवेळी ब्रेक दाबायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." शेवटी बाईंनीच गाडी कडेला घेतली.

"सर, बरं वाटत नाहीये का? आज थांबू या."

"नाही, चालवा," ते म्हणाले. मग आपणहूनच म्हणाले, "मुलं मोठी झाली की दुखतंय म्हणून सांगत नाहीत. तुमच्याकडे येणारे तरी सांगतात का?"

"पहिल्यांदा नाही सांगत," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूनं चावून खातात. आमच्याकडे येतात तेव्हा फार झालेलं असतं."

सर घरी गेले तेव्हा बायको एका पोराला झोपवत होती. ते दारातच उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "हॉटेलातली खोली तीन जणांची घेतोय."

"तीन?"

"बिट्टी येईल आपल्याकडे राहायला."

"आणि तो?"

"त्याला सुट्टी नाही."

बायकोचा थोपटणारा हात थांबला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. सरांनी नजर चुकवली आणि पायातले बूट काढायला वाकले. बुटांना नाडी नव्हती, तरी ते बराच वेळ वाकलेले राहिले.

"सुट्टी नाही," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा थोपटायला लागली. पोर झोपलं होतं तरी ती थोपटतच राहिली. मग म्हणाली, "फोन लावा तिला. आत्ताच लावा."

मुलीनं लगेच उचलला. "बाबा, रागावलात ना माझ्यावर?"

"नाही गं. तुझ्या त्या हॉटेलातच उतरतो. खोली मोठी घेतो, तीन पलंगांची. दिवसा तू तुझं ऑफिस कर. संध्याकाळी आमच्याकडे ये आणि तिथेच राहा."

"बरं." मग जरा थांबून ती म्हणाली, "म्हणजे महिनाअखेरीला ना?"

सरांनी दाराकडे बघितलं. बायको पोराच्या अंगावर शाल घालून उठली होती आणि शेजारणीला हाक मारायला निघाली होती. कशासाठी, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"उद्या," ते म्हणाले. "सकाळी निघतो."

"उद्या? पण बाबा, अजून पानं लाल नाही झाली. सगळं हिरवंच आहे. आत्ता येऊन तुम्हाला काय दिसणार?"

"हिरवी तर हिरवी."

 फोन तुटला की काय म्हणून सरांनी तो कानापासून दूर धरून बघितला. तुटला नव्हता.

"मी घाट संपतो तिथल्या नाक्यावर येऊन थांबते," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी... एकटीच असेन, बाबा."

"तिथे गार असेल," सर म्हणाले. "स्वेटर घालून ये."