कैलाशच्या नावाचा पत्ता

मोहाडीतल्या एका धान खरेदी संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं काम कैलाश पाहायचा. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आपला एक आकड्यांचा पत्ता लागतो. तो कैलाश एकेका मशीनसमोर बसून हाताने भरायचा. गेल्या पावसाळ्यात तो भावासोबत वैनगंगेत जाळं टाकायला गेला आणि डोंगा उलटला. भाऊ पोहून निघाला. कैलाश दुसऱ्या दिवशी सापडला, बराच खाली, बेशरमाच्या झुडपांत अडकलेला.

त्याच्या जागेवर त्याची मुलगी रुचिका लागली. तिला ते पत्त्यांचं काही समजेना, म्हणून साहेबांनी भंडाऱ्याहून भूपेशला बोलावलं. नेटवर्कची कामं करणारा हा तरुण, बोलायला मोकळा.

"आता हाताने काही भराचं नाही, ताई," तो म्हणाला. "मशीन सुरू झाली का राउटर स्वतःच तिले पत्ता देईन."

काम झालं. पण दोन दिवसांनी रुचिकाचा फोन आला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचं नेट बंद पडत होतं, आणि पडद्यावर एकच ओळ यायची: हा पत्ता दुसरं कोणी वापरत आहे.

भूपेश सुट्टीच्या वेळेलाच येऊन बसला. राउटर उघडून जोडलेल्या मशीनची नावं पाहू लागला. सगळी ओळखीची होती. मग खाली एक नवीन नाव उमटलं: कैलाश.

"जुना कॉम्प्युटर चालू असंल कुठं तरी," तो म्हणाला.

"बाबाचा कॉम्प्युटर तं भंगारात गेला, भाऊ," रुचिका म्हणाली. "माह्यासमोरच गाडीत टाकला."

ज्या तारेवर ते नाव होतं ती भूपेशने शोधली. ती भिंतीतून मागच्या, बारदाना म्हणजे रिकामी पोती ठेवायच्या खोलीत गेली होती. तिथे तारेचं टोक पोत्यांवर मोकळंच पडलं होतं. कशालाही जोडलेलं नव्हतं. त्याने ते उचललं. ओलं होतं. खालची पोती मात्र कोरडी ठणठणीत.

"गेलं का नाव?" त्याने ओरडून विचारलं.

"नाही, भाऊ. दिसूनच राहिलं."

त्याच्या हातून टोक गळून पडलं. रुचिका दारात येऊन उभी राहिली. "बाबा इथंच डबा खायचे," ती हळूच म्हणाली. "थंड वाटते म्हणायचे."

भूपेशने बॅगेतून कटर काढला.

"नका कापू!" तिने त्याचा हात धरला. "तो पत्ता त्यायलेच राहू द्या. माह्या मशीनले दुसरा द्या."

त्याने तसंच केलं. तो पत्ता कैलाशच्या नावाने कायमचा राखून ठेवला. भांडण मिटलं, नेट चालू झालं. जाताना भूपेशने नळावर बराच वेळ हात धुतले.

रुचिकाने घरी करडीला जाऊन आईला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी दुपारी आई, ज्योत्सना, डबा घेऊन ऑफिसात आली, थेट मागच्या खोलीत जाऊन पोत्यांवर बसली. डबा उघडून तिने समोर सरकवला.

"अजून इथंच बसून हा का तुमी?" ती रोजच्या आवाजात म्हणाली. "तुमच्या जागेवर पोरगी बसली आता. चाला घरी."

रुचिका धावत टेबलापाशी गेली. राउटरवर ते नाव नव्हतं. पुढच्या दिवशीही आलं नाही. तिला वाटलं, सुटले बाबा. त्या दिवशी ती पोटभर रडली.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी भूपेशला तिचा फोन आला.

"भाऊ, मी घरी वायफाय लावलं. आमचे दोनच मोबाइल हायत. राउटरवर तीन नावं दिसून राहिली."

भूपेशला तिसरं नाव विचारावं लागलं नाही. "तुमची आई काय म्हणते?"

"आई खुश हाय. रोज तीन ताटं वाढते. बाबा गेल्यापासून पयल्यांदाच तिले हासताना पायलं मी. पण सकाळी तिसऱ्या पाटाखालची जमीन ओली राहते, भाऊ."

"बंद करू का ते नाव? कसं कराचं ते सांगतो मी."

 फोनवर तिच्या मागे कंडक्टरचा आवाज येत होता, करडी, करडी, म्हणून.

"नका," ती म्हणाली. "आई पुन्हा पयल्यासारखी उदास होऊन जाईन."

"कुठं हा तुमी आता?"

"मोहाडीच्या स्टँडवर. दोन गाड्या सोडल्या मी," रुचिका म्हणाली. "मले घरी जायले भेव लागते, भाऊ."