कासरा सोडायचा नाही

मित्रांनो, मी एक जुना सुती कासरा आहे. कासरा म्हणजे बैलांच्या वेसणीला बांधलेला लांब दोर, गाडीवानाच्या हातात असतो तो. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधी ओळख सांगितली. मला जे सांगायचं आहे ते पुढे आहे, आणि माझ्यात आता फार दम उरलेला नाही.

माझ्या मालकांनी, मच्छिंद्रबाबांनी मला घरच्या अंगणात वळलं, मांडीवर एकेका पदराला पीळ देत. बैलगाडीच्या दिवसांत माझा थाट होता. पोळ्याला मला रंगीत गोंडे लागायचे. मी नुसता हललो तरी बैल वळायचे. मग घरात ट्रॅक्टर आला आणि बाबांनी बैल घोडेगावच्या बाजारात नेऊन विकले. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचा कासरा देत नाहीत. दोराबरोबर घरची लक्ष्मी जाते, असं मानतात. बाबांनी मला सोडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि घरी आले. तेव्हापासून मी गोठ्यात खुंटीला लटकत राहिलो.

त्याच काळात आमच्या वस्तीपुढचा रस्ता रुंद झाला. वस्ती अलीकडे, शाळा पलीकडे. गाड्या वाढल्या, त्यांचा वेग वाढला. मुलांचे पाय मात्र होते तेवढेच राहिले.

एका सकाळी शेजारच्या करणला मोटारसायकलने उडवलं. पायाला प्लॅस्टर बसलं आणि त्याची शाळा बंद झाली. बाबांची नात संस्कृतीही त्याच शाळेत जायची. बाबा तिच्या आईला, आपल्या सुनेला जयाला म्हणाले, "आपली संस्कृती बी राहू दे घरीच. जीव हाय तर शाळा हाय."

"मामा, मी आठवीतनं घरी बसले ती बसलेच," जया म्हणाली. "हिला न्हाई बसवायची."

ती गोठ्यात आली आणि तिने मला उतरवलं. झटकलं. ठरावीक अंतरावर गाठी मारल्या. दुसऱ्या दिवसापासून वस्तीवरची मुलं एकेक गाठ धरून रांगेत चालू लागली. पुढचं टोक जयाच्या हातात, मागचं टोक तिच्या सासूच्या, छबूबाईच्या. टपरीवरची माणसं हसायची. "काय जयाबाई, बाजाराला चालवली का जित्राबं?"

छबूबाई गप्प बसणारी नव्हती. "जित्राबं असती तर बरं झालं असतं! म्हस आडवी आली की समदे थांबत्यात, पत्रा चेमटंल म्हनून. पोरांनी कुठं पत्रा चेमटतोय?"

रस्ता ओलांडायच्या आधी जया रोज सगळ्यांना बजावायची, "काय बी होऊ दे, कासरा सोडायचा न्हाई."

मुलं माना डोलवायची. त्यांचे घामेजलेले, शेंगदाण्याच्या लाडवाने चिकट झालेले हात माझ्या अंगाला लागायचे. बैलांच्या दिवसांतही मला इतकं कुणी घट्ट धरलं नव्हतं.

पण मित्रांनो, रस्ता ओलांडून संपत नव्हतं. शाळेच्या फाटकातही गाड्याच. गावातले आप्पासाहेब रोज नातवाला मोटारीतून आणायचे आणि अगदी फाटकाला बोनेट टेकवायचे. त्यांच्यामागे आणखी गाड्या, कुणी वळवतंय, कुणी मागे घेतंय. आमची रांग त्यातून अंग चोरून जायची. एकदा जया त्यांना म्हणाली, "आप्पा, गाडी जरा मारुतीच्या देवळापाशी लावा की. चार पावलं चालंल पोरगं."

"ह्या असल्या रस्त्यानं? पोराला गाडीखाली घालू का?"

"आवो, पर त्या गाड्या तुमच्याच हायेत!"

आप्पासाहेबांनी काच वर केली.

आणि मग तो दिवस आला. हवेत धुकं होतं. गाड्यांची वर्दळ जरा थांबली तशी जया पुढे निघाली. रांग रस्त्याच्या मधोमध असताना एक मोटारसायकलवाला मुलांमधल्या फटीतून घुसला. थांबायला त्याला वेळ नव्हता. मी त्याच्या गाडीला अडकलो, ताणला गेलो आणि तुटलो.

पुढची मुलं जयाबरोबर पलीकडे कोसळली. मागच्यांना छबूबाईने अलीकडे ओढलं. मध्ये उरली एकटी संस्कृती. तिच्या हातात माझं तुटकं टोक होतं. ती पळाली नाही. आईने सांगितलं होतं ना! दोन्ही मुठींनी मला धरून ती भर रस्त्यात उभी राहिली.

मला ओरडायचं होतं, सोड, बाळ, सोड मला! पण दोराला तोंड नसतं.

ब्रेकचा आवाज झाला. गाडी तिच्या दप्तराला घासून थांबली. आत आप्पासाहेब होते. नातवाला उशीर झाला म्हणून भरधाव निघालेले. ते खाली उतरले, आधी ओरडले, "ए पोरी, पळाया येत न्हाई का तुला?"

"आई म्हनली, कासरा सोडायचा न्हाई."

आप्पासाहेब तिथेच, डांबरावर खाली बसले. गाडीच्या काचेतून त्यांचा नातू पाहत होता.

त्या संध्याकाळी जयाने माझी तुटकी टोकं एकमेकांना बांधली. तीन-तीनदा ओढून पाहिलं. मग संस्कृतीला जवळ घेऊन म्हणाली, "बाळा, आता ध्यानात ठेव. दोर तुटला तर सोडून द्यायचा आन् पळायचं."

"कुठल्या बाजूला, आई? गाड्या तर दोन्हीकडनं येत्यात."

जयाने माझी गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

आता आप्पासाहेब गाडी देवळापाशी ठेवतात आणि नातवाला चालवत आणतात. नातू माझी शेवटची गाठ धरतो. पण बाकीच्या गाड्या फाटकाशीच येतात. पंचायतीत गतिरोधकाचं विचारलं, तर वरून मंजुरी यायची आहे म्हणतात. मोठ्या रस्त्यावर तर कुणीच थांबत नाही.

मित्रांनो, मी सुताचा आहे. मला बैल वळवायला वळलं होतं, गाड्या अडवायला नाही. माझी गाठ पुन्हा कधी सुटेल, मला ठाऊक नाही. म्हणून विनवतो. तुमच्यातले जे गाडीतून शाळेत येतात, त्यांनी घरच्यांना थोडं अलीकडे थांबायला सांगा. उरलेलं चाला. शाळा दिसली की चालवणाऱ्याच्या पाठीला हात लावून म्हणा, हळू. उशीर झाला तर होऊ द्या. बाईंची बोलणी खा. आणि संस्कृतीचा प्रश्न तुमच्या आईबाबांना विचारा. त्यांना उत्तर सापडलं, तर आमच्या वस्तीवर कळवा, फार उशीर होण्याआधी.

सकाळ झाली आहे. मुलं जमली आहेत. "धरा रे," जया म्हणते. तिचा आवाज रोजच्यासारखाच आहे, हसरासुद्धा. पण तिने मला मुठीभोवती दोन वेढे दिले आहेत, आणि तो ताण माझ्या गाठीगाठीतून प्रत्येक मुलाच्या मुठीपर्यंत पोचतो आहे.