प्रोफेसर खडूस मरत नाही

अण्णा पहिल्यांदा मेले तेव्हा मला वाटलं, माईकच बिघडला.

काचेपलीकडे ते छातीवर हात ठेवून उभे होते. माझ्या हेडफोनमध्ये त्यांचा श्वास अडखळला, बारीक झाला आणि थांबला. समोरच्या पडद्यावर प्रोफेसर खडूस उंच टॉवरवरून थेट गाद्यांच्या ट्रकमध्ये पडला होता आणि त्याच्या डोक्याभोवती चांदण्या फिरत होत्या. शेजारी बसलेल्या मॅडम, म्हणजे आमच्या डबिंगच्या दिग्दर्शिका, चक्क डोळे पुसत होत्या. मलाही रडू यायला लागलं, आणि कार्टूनच्या कामात रडू आलं की मला भयंकर राग येतो.

मी बोलायचं बटण दाबलं. "अण्णा, तुम्ही मेलात."

"जमलं ना?" ते खुशीत म्हणाले.

"छान जमलं. पण इथे मरायचं नाहीये. पडायचं, कण्हायचं आणि उठायचं."

"एवढ्या उंचावरून पडून?"

"हो."

"आणि हाडं?"

"चित्रातल्या माणसाला हाडं नसतात, अण्णा. नाक असतं आणि मिशा असतात."

मालिकेचं नाव 'शिंकवीर'. नायकाला शिंक आली की अख्खी गल्ली उडते, आणि ती नेमकी नको तेव्हाच येते. त्याच्या पाठीवरचा लाल झगा दर भागात कुठल्या तरी दारात अडकतो. खलनायक म्हणजे हा प्रोफेसर खडूस. तो कधी शहरातले सगळे डावे बूट पळवतो, तर कधी सगळ्यांच्या पँटची बटणं. एरवी मी औषधांच्या जाहिराती आणि कंपन्यांची भाषणं रेकॉर्ड करते, तेव्हा जांभया आवरत नाहीत. शिंकवीरच्या दिवशी मात्र वेळेआधी हजर असते. माझं डोकं तपासून घ्यायला हवं, असं माझ्या ताईचं म्हणणं आहे. असू दे. सकाळी शहराचा चुराडा होतो आणि दुपारी त्याच खिडकीत त्याच कुंड्या असतात, अशी दुसरी जागा तिने दाखवावी, मी आजच सामान हलवते.

अण्णांना हे काही केल्या पटत नव्हतं. त्यांची सगळी हयात रंगभूमीवर गेली आणि तिथे ते मरण्यासाठी प्रसिद्ध होते. विष पिऊन, तलवार लागून, प्रेमभंगाने, नुसत्या म्हातारपणानेसुद्धा. एखाद्या नाटकात लेखकाने त्यांना जिवंत ठेवलं तर लोकांना पैसे फुकट गेल्यासारखे वाटायचे. पुढे बायको गेली आणि त्यांनी नाटक सोडलं. कोणी कारण विचारलं की ते गुडघे पुढे करायचे. मॅडमनी त्यांना जवळजवळ ओढूनच इथे आणलं, आणि ते आले ते नातीसाठी. तिने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की खडूस म्हणजे माझे आजोबा. तेव्हापासून वर्गात तिचा भाव चांगलाच वधारला होता.

पण अण्णांच्या मरणासकट गेलेला पहिला भाग चॅनेलने परत पाठवला. मुलांना दाखवून पाहिला, तर निम्मी रडायला लागली म्हणे. आज जमलं नाही तर खडूसला नवा आवाज, असा निरोप होता. तो मॅडमनी अण्णांना सांगायचा होता. त्या नुसत्याच नाक ओढत बसल्या, म्हणून मला सांगावा लागला.

अण्णा काचेजवळ आले. "नवा आवाज म्हणजे कोण?"

"आहे एक जण. नकला करतो. बदकाचाही आवाज काढतो."

"बदकाचा," अण्णा म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांचा एवढा अपमान कोणी केला नसावा. "आणि नातीला मी काय सांगू?"

पुन्हा टेक घेतला. आमच्याकडे आधी बीप वाजतात, त्या संपल्या की चित्रातले ओठ हलतात, आणि ते हलतायत तेवढ्यातच वाक्य बसवायचं असतं. वाक्य होतं, "अगं आई गं, माझी मिशी!" अण्णा ते असं म्हणाले, की घरातलं माणूस गेल्यावरही कोणी इतकं हळहळणार नाही. मॅडमनी पर्समधून दुसरा रुमाल काढला.

मी डोक्यावरचे हेडफोन काढले, चहा मागवला आणि कप घेऊन आत गेले.

"अण्णा, उठणं इतकं अवघड आहे का हो?"

मला वाटलं, चिडतील. ते स्टुलावर बसले. "पडणं माझ्याकडे होतं गं पोरी. उठणं कधी माझ्याकडे नव्हतंच. पडदा पडला तरी मी तसाच पडून असायचो. भूमिकेतून बाहेर यायला वेळ लागतो."

"भूमिकेतून," मी म्हटलं.

"बरं बाई, कधी कधी डोळाही लागायचा. मग ही विंगेतून यायची आणि म्हणायची, 'उठा आता, चहा गार होतोय.' दर प्रयोगाला तेच. एकदा मी इतका सुंदर मेलो होतो, की लोक खुर्च्या सोडेनात. वाटलं, आज तरी कौतुक करील. तर तेच! चहा गार होतोय." ते हसले आणि मध्येच थांबले. "ती गेल्यावर एक प्रयोग केला. पडदा पडला आणि मी वाट बघत पडून राहिलो. शेवटी पडदा ओढणारा येऊन विचारायला लागला, 'अण्णा, बरं वाटत नाहीये का?'"

मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या कपावर बशी झाकली आणि बाहेर आले.

शेवटचा टेक. बीप संपल्या. खडूस टॉवरवरून निघाला, गाद्यांवर आदळला, चांदण्या फिरायला लागल्या. हेडफोनमध्ये अण्णांचा श्वास पुन्हा बारीक व्हायला लागला. चालले, मी मनात म्हटलं, हे पुन्हा चालले. मॅडमचा हात रुमालाकडे गेला. टेक चालू असताना कलाकाराच्या कानात बोलणं आमच्या धंद्यात पाप समजतात. मी बटण दाबलं.

"उठा आता," मी म्हटलं, "चहा गार होतोय."

अण्णांचे डोळे खाडकन उघडले. पडद्यावर खडूसचे ओठ हलायला लागले होते, आणि अण्णा झोपमोड झालेल्या माणसासारखे, चिडून आणि लाडात, एकदमच बोलले, "उठतो गं, उठतो! साखर घातलीस ना?"

वाक्य संपलं आणि खडूसचं तोंड मिटलं. एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. मॅडम इतक्या जोरात हसल्या, की त्यांचा चष्मा माझ्या बटणांवर पडला. अण्णांनी स्टुलावरचा कप उचलला, बशी बाजूला केली आणि आमच्याकडे पाठ करून सगळा चहा पिऊन टाकला. आम्ही दोघींनी पडद्यावरच्या चांदण्या बघण्याचं नाटक केलं.

चॅनेलला ते वाक्य इतकं आवडलं, की आता दर भागात पडल्यावर खडूस तेच म्हणतो. अण्णांच्या नातीच्या वर्गात तर खेळताना कोणी पडलं की तेच ओरडतात. मध्यंतरी तिने आजोबांना विचारलं, "पण खडूस बोलतो कोणाशी? तिथे तर कोणीच नसतं."

"असते," अण्णा म्हणाले. "विंगेत असते."

बटण मला दर वेळी दाबावं लागतं. एकदा गंमत म्हणून दाबलं नाही, तर अण्णा हटून बसले आणि पुन्हा मेले. शिवाय आता ते मलाच शिकवतात. "जरा हळू, पोरी. ती अशी खेकसायची नाही." म्हणून मी हळू म्हणते, आणि ते उठतात.